ट्रंकेतला खजिना, मोबाइलच्या पडद्यावर

रविवारची दुपार. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, मैदानावर तळं साचलंय, अभ्यास झालाय (निदान आईला तरी तसं सांगून झालंय!) आणि बाबांचा मोबाइल तासाभरासाठी तुमच्या हातात आलाय. अशा वेळी काय बघता तुम्ही? नव्या गाण्याचे तुकडे? क्रिकेटचे षटकार? बघा की, मी कुठे नको म्हणतोय! पण आज त्यातली अर्ध्या तासाची वेळ मला द्या. आपण एक शोधाशोध करणार आहोत.

पूर्वी अशी शोधाशोध करायला माडीवर चढावं लागे. तिथे एक गंजलेली ट्रंक असे. झाकण करकरत उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि आत जुने फोटो, पिवळी पुस्तकं, तबकड्या असं काहीबाही सापडायचं. आता अशा हजारो लोकांच्या ट्रंका इंटरनेटवर उघड्या पडल्या आहेत. आपल्या पणजीच्या लहानपणीचे सिनेमे, गाणी, चित्रं, सगळं आहे. मात्र ते बघायची एक रीत आहे. रीत ठाऊक नसली, तर माणूस दोन मिनिटं बघतो, "शी, किती जुनाट!" म्हणतो आणि पुढे जातो. ठाऊक असली, तर तोच माणूस "अरेच्चा!" म्हणून अर्धा तास खिळून बसतो.

चला तर मग. पहिला शोध सिनेमाचा.

यू-ट्यूबवर 'राजा हरिश्चंद्र' आणि त्यापुढे 'दादासाहेब फाळके' असं टाइप करा. शाळेच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलेलं आहेच. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी बनवलेला हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांना दाखवला गेला. पुस्तकात हे एका ओळीत संपतं आणि परीक्षेत एका मार्काला येतं. पण इथे तो सिनेमा डोळ्यांसमोर हलू लागतो, बरं का!

सुरुवातीलाच राजा आपल्या लहानग्या राजपुत्राला धनुष्यबाण चालवायला शिकवतोय. राणी कौतुकाने बघतेय. तो लहानगा म्हणजे फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. थोडा वेळ बघितलंत की तुम्हाला हसू येईल, कारण सगळे जण तुरुतुरु चालतात. जणू सगळ्यांचीच गाडी सुटायची वेळ झालीय! त्या काळातली माणसं अशी चालायची का हो? मुळीच नाही. ही गंमत कॅमेऱ्याची आहे.

तेव्हा कॅमेऱ्याला मोटर नव्हती. कॅमेरामन हाताने हँडल फिरवायचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी हे काम त्र्यंबक तेलंग करायचे. असं हँडल फिरवून एका सेकंदात साधारण १६ ते १८ चित्रं टिपली जात. पुढे बोलपट आले, आवाज नीट यावा म्हणून वेग एकच असणं गरजेचं झालं आणि सेकंदाला २४ चित्रं असा नेम ठरला. आता गणित करा. १६ चित्रांत टिपलेला एक सेकंद २४ च्या वेगाने दाखवला तर काय होईल? हालचाल दीडपट वेगाने होईल! म्हणून ती तुरुतुरु.

यावर एक उपाय तुमच्या हातातच आहे. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जा आणि वेग ०.७५ करा. बघा, राजा कसा राजासारखा चालायला लागतो! (काही जणांनी व्हिडिओ चढवतानाच वेग नीट केलेला असतो. मग मात्र सगळे झोपेत चालल्यासारखे दिसतील. तसं झालं तर वेग पुन्हा होता तसा करा.)

आता राणी तारामतीकडे जरा निरखून बघा. हनुवटी बघा. दंड बघा. काही लक्षात आलं? तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ आहेत! सिनेमात काम करायला त्या वेळी एकही बाई तयार होईना. फाळके शोधून शोधून थकले. शेवटी एका हॉटेलात काम करणारे साळुंके त्यांच्या नजरेला पडले आणि भारतीय सिनेमाची पहिली राणी मिळाली. त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला, तेव्हा मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ही कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. आई-बाबांना विचारा, विक्रम गोखले त्यांना ठाऊक असतील. त्यांची ही आजी!

तर तुम्ही आता भारतातला पहिला कथापट बघितलात. खरंच बघितलात का?

थांबा. इथेच खरी गंमत आहे. व्हिडिओखाली ठळक अक्षरांत '१९१३' लिहिलेलं असतं. पण फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती. आज आपल्याला जी रिळं बघायला मिळतात ती १९१३ ची नसून त्या १९१७ च्या सिनेमाची असावीत, असं चित्रपटांच्या काही अभ्यासकांचं मत आहे. शिवाय मूळ सिनेमा चार रिळांचा होता. त्यातलं पहिलं आणि शेवटचं, एवढीच दोन रिळं उरली आहेत. म्हणजे गोष्ट सुरू होते आणि एकदम संपते. मधला भाग आता कुणालाच बघता येत नाही.

असं कसं झालं? एवढा मोठा सिनेमा, हरवला कसा?

त्या काळची फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. ती भडकन पेट घ्यायची आणि पेटली की विझता विझायची नाही. जळली नाही, तर दमट हवेत चिकट होऊन कुजायची. आणि यातूनही वाचली, तर तिच्यात चांदीचा अंश असल्यामुळे चांदी काढायला विकली जायची! सिनेमा थिएटरांतून फिरून आला, पैसे मिळाले, आता ही रिळं ठेवून करायचं काय? जागा अडते, आगीची भीती. द्या विकून! लोकांना वाटायचं, शिळी भाकरी आणि जुना सिनेमा सारखेच. भारतात हजाराहून जास्त मूकपट तयार झाले. त्यांतले आज अगदी मोजके शिल्लक आहेत आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांत. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात लागला, तेव्हा तो बघायला तुडुंब गर्दी झाली होती. आज त्याची एकही प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. जाहिराती आहेत, फोटो आहेत, सिनेमा नाही.

मग जे उरलं, ते उरलं कसं? कुणीतरी जपलं म्हणून. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर नावाचे एक सिनेमावेडे गृहस्थ होते. ते देशभर हिंडून जुनी रिळं गोळा करायचे. कुठे गोदामात, कुठे कुणाच्या घरी, जिथे कळेल तिथे जायचे. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जुन्या फिल्मचे तुकडे होते. तेही नायरांनी मिळवले. त्या तुकड्यांतूनच १९१९ चा 'कालिया मर्दन' पुन्हा जोडला गेला. घरच्या लोकांनी 'काय करायचंय हे आता?' म्हणून ते तुकडे टाकून दिले असते तर? एवढ्या एका 'तर'वर तो सिनेमा लटकलेला होता!

हा 'कालिया मर्दन' तर तुम्ही बघाच. यातला खोडकर कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. जेमतेम सहा-सात वर्षांची. पहिल्या सिनेमात बाईचं काम पुरुषाने केलं, आणि इथे कृष्णाचं काम मुलीने! सिनेमाच्या सुरुवातीला ती आपल्याला नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. हसते, रुसते, रागावते. शंभर वर्षांपूर्वीची ती चिमुरडी थेट तुमच्या डोळ्यांत बघते. शेवटी कालिया नागाशी तिची पाण्यातली झटापट आहे. नाग खोटा आहे हे तुम्हाला लगेच कळेल. पण त्या वेळी संगणक नव्हता, हे लक्षात ठेवून बघा आणि मग विचार करा की ही युक्ती कशी केली असेल.

आणि वेळ उरला तर 'अयोध्येचा राजा' शोधा. १९३२ सालचा, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा. मराठीतला हा पहिला बोलपट आणि आज हाती असलेला सर्वांत जुना भारतीय बोलपट म्हणून तो ओळखला जातो. कथा तीच, हरिश्चंद्र-तारामतीची! दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. दोन्ही सिनेमे पाठोपाठ बघा. १९१३ ते १९३२, अवघी १९ वर्षं. तेवढ्यात मुका राजा गाऊ लागला आणि तारामतीच्या जागी खरीखुरी बाई आली.

सिनेमा झाला. आता दुसरा शोध, चित्रांचा.

श्रावणात आजी कहाण्या वाचते ना? 'आटपाट नगर'वाल्या? त्या कहाण्या १९१४ साली इंग्रजीत लंडनहून छापल्या गेल्या होत्या, असं सांगितलं तर खोटं वाटेल. पण तसं पुस्तक आहे. नाव 'डेक्कन नर्सरी टेल्स'. लिहिलंय सी. ए. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने. प्रोजेक्ट गुटेनबर्ग नावाचं एक फुकट ग्रंथालय इंटरनेटवर १९७१ सालापासून वाढत आलंय. त्यावर हे पुस्तक चित्रांसकट वाचायला मिळतं. रविवारची कहाणी, सोमवारची कहाणी, नागोबाची कहाणी, दिव्यांच्या अवसेची कहाणी, सगळ्या ओळखीच्या! आणि एक गंमत बघा. किंकेडसाहेबांनी 'आटपाट' हे चक्क त्या गावाचं नाव करून टाकलंय. जसं पुणे, सातारा, तसं आटपाट! म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल, "आमचं गाव आटपाट, तालुका ठाऊक नाही!"

पण मला तुम्हाला दाखवायची आहेत त्यातली चित्रं. ती आहेत रावबहादूर एम. व्ही. धुरंधर यांची. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. तिथल्या आठवणींचं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे पुस्तकही त्यांनी मराठीत लिहिलंय. त्यांनी पोस्टकार्डांवर मुंबईची माणसं रंगवली, पुस्तकांत चित्रं काढली. एखादं चित्र मोठं करून बघा. नऊवारीचा काष्टा, अंबाडा, अंगावरचे दागिने, दारातली भांडी. त्या वेळी रंगीत फोटो काढणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती. मग आपली पणजी कुठल्या रंगाचं लुगडं नेसत असेल, हे आपल्याला कोण सांगणार? धुरंधरांसारखे चित्रकारच!

आता एक प्रयोग. इंटरनेटवर नुसतं 'जुनी मराठी चित्रं' असं शोधा. शेकडो चित्रं येतील. त्यांतल्या किती चित्रांखाली चित्रकाराचं नाव आहे ते मोजा. तुम्हीच सांगाल की फार थोड्या. पुष्कळदा तर चित्राचा कोपरा कापलेला असतो आणि सही नेमकी त्या कोपऱ्यातच असते! एकाने कापून टाकलं, दुसऱ्याने ते उचललं, तिसऱ्याने 'सुप्रभात' लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. चित्र तर लाखो लोकांपर्यंत पोचलं. चित्रकार मात्र वाटेतच हरवला.

"नावाचं काय एवढं? चित्र तर दिसतंय ना!" असं कुणी म्हणेल. मलाही लहानपणी असंच वाटायचं. म्हणूनच तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पण त्याआधी तिसरा शोध, गाण्यांचा.

आजच्या तबकड्या (म्हणजे सीडी) तुम्ही बघितल्या असतील किंवा नसतीलही, कारण त्याही आता अडगळीत गेल्या! त्यांच्या आधीची ग्रामोफोनची तबकडी काळी, जड आणि ठिसूळ असे. ती लाखेपासून बनत असे. हो, तीच लाख, जी किडे झाडाच्या फांद्यांवर तयार करतात आणि जिच्या बांगड्या होतात. लाखेत दगडाची बारीक पूड वगैरे मिसळून तबकडी दाबून काढत. ती मिनिटाला ७८ वेळा फिरायची. एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. पुन्हा गणित करा बघू : ७८ गुणिले ३, म्हणजे एका गाण्यात तबकडीच्या २३४ फेऱ्या! आणि तबकडीवर पुष्कळ रेघा दिसल्या, तरी एका बाजूवर खरी रेघ एकच असते. बाहेरून आत गोल गोल जाणारी.

तीन मिनिटांच्या या मापाने गवयांची पंचाईत झाली. नाटकातलं एखादं पद रंगलं, 'वन्समोअर' मिळत गेले, की अर्धा-अर्धा तास चालायचं. ते तीन मिनिटांत बसवायचं कसं? पण बसवलं त्यांनी. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐका. खरखर खूप आहे. पहिल्यांदा फक्त खरखरच ऐकू येते. पण डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐका, तिसऱ्यांदा ऐका. पावसात खिडकीशी बसून कुणाचं बोलणं ऐकताना जसा हळूहळू पाऊस मागे पडतो ना, तशी ती खरखर मागे जाते आणि गाणं पुढे येतं.

त्याहून जुनं काही हवं? मग गौहर जान हे नाव शोधा. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात तिचं गाणं मुद्रित झालं. भारतातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. गाणं संपता संपता ती चक्क इंग्रजीत, मोठ्या झोकात, आपलं नाव सांगते! हे कशासाठी? तेव्हा मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना कसं कळणार की हे कुणाचं गाणं? म्हणून गाणाऱ्यानेच नाव सांगून टाकायचं, असं म्हणतात. काय अक्कल बघा! तबकडीवरचा कागद फाटला, डबा हरवला, तरी नाव गाण्यातच चिकटलेलं. सव्वाशे वर्षं झाली, तरी ती बाई अजून आपलं नाव सांगतेय आणि आपल्याला ते ऐकू येतंय.

(तबकडीवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा असतो ना, त्याचंही नाव उरलंय. निपर! इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, तेव्हा निपर जिवंतही नव्हता. मूळ चित्रात तो वेगळ्याच यंत्रापुढे बसला होता. ग्रामोफोन कंपनीने चित्र घेताना यंत्र बदलायला सांगितलं. कुत्रा तोच, यंत्र नवं!)

आता माझी चूक.

आमच्या आजोळी माडीवर अशा तबकड्यांची एक पेटी होती. वाजवायचं यंत्र केव्हाच मोडलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सात-आठ मावस-मामे भावंडं जमायचो. एका दुपारी मोठी माणसं झोपली होती आणि आम्हाला महाभारत खेळायचं होतं. मी कृष्ण झालो. कृष्ण म्हटलं की सुदर्शन चक्र हवं. पेटीत चक्रंच चक्रं! पहिलं चक्र मी माडीच्या खिडकीतून अंगणात सोडलं. ते छान गरगरत गेलं आणि फरसबंदीवर फुटलं. आवाज असा काही झकास आला, की मग प्रत्येकालाच एकेक चक्र हवं झालं.

आवाजाने आजी उठून आली. आम्हाला वाटलं, आता पाठीत धपाटे. पण ती रागावली नाही. केरसुणी घेऊन तुकडे गोळा करत राहिली. एक तुकडा हातात घेऊन तिने त्यावरचा कागद वाचायचा प्रयत्न केला. अर्धाच होता. मग एवढंच म्हणाली, "यातली एक आमच्या लग्नात मांडवात वाजली होती रे."

कुठली, ते मी विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही. पळालो ना!

आज इंटरनेटवर जुन्या तबकड्यांची हजारो गाणी आहेत. त्यात आजीच्या लग्नातलं ते गाणंही कदाचित असेल. दुसऱ्या कुणाच्या पेटीतली तशीच तबकडी कुणी जपली असेल, वाजवून मुद्रित केली असेल, इथे आणून ठेवली असेल. कदाचित ते मी ऐकलंही असेल! पण मला कळणार कसं? मी शोधात लिहू काय? 'आजीच्या लग्नातलं गाणं'? नाव असतं, तर एका मिनिटात सापडलं असतं. आजी आता नाही आणि ज्यांना विचारावं असं त्या मांडवातलं कुणीच उरलं नाही. तबकडी फुटली याचं मला आता तेवढं वाईट वाटत नाही, तशा दुसऱ्या असतील. नाव विचारलं नाही, याचं वाटतं.

म्हणून, मित्रमैत्रिणींनो, सिनेमा असो, चित्र असो की गाणं, जुनं काही सापडलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

पहिला प्रश्न : हे कुणी केलं? चित्राच्या कोपऱ्यात सही शोधा. सिनेमाच्या सुरुवातीची नामावली पळवू नका, वाचा. तबकडीच्या मधल्या कागदाचा फोटो असेल तर त्यावरचं नाव बघा.

दुसरा प्रश्न : केव्हा केलं? व्हिडिओखाली कुणी लिहिलेल्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. 'राजा हरिश्चंद्र'चं काय झालं ते आठवा. दोन-तीन ठिकाणी पडताळा.

तिसरा प्रश्न : हे इथवर आलं कसं? कुठल्या संग्रहालयाने ठेवलंय, की कुणी घरातल्या पेटीतून काढून चढवलंय? ज्याने जपलं, त्याचंही नाव घ्यायला हवं.

आणि पुढे कुणाला पाठवलंत, तर ही तिन्ही उत्तरं बरोबर पाठवा. दोन ओळी लिहायला काय लागतं? तुमच्यापुरती तरी ती गोष्ट अनाथ होणार नाही.

एक नियमही लक्षात ठेवा. जुनं म्हणजे सगळंच फुकट नव्हे. आपल्या देशातल्या कायद्याप्रमाणे लेखक आणि चित्रकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांच्यावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. धुरंधर १९४४ साली गेले. फाळकेही त्याच वर्षी. त्यामुळे त्यांची कामं आता आपल्या सगळ्यांची आहेत. पण आई-बाबांच्या लहानपणीचं कॉमिक किंवा गाणं कुणीतरी परवानगी न घेताच चढवलेलं असू शकतं. अशा वेळी घरातलं जुनं पुस्तक शोधावं, ग्रंथालयात जावं, नाहीतर ज्याने ते रीतसर ठेवलंय तिथेच बघावं.

आई-बाबांना दोन शब्द. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरची पेटी खाली येते आणि रद्दीवाला दारात असतो. सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. जागा कुठे आहे आपल्याकडे! पण रद्दीत घालण्यापूर्वी ती पेटी एकदा मुलांच्या समोर उघडा. लग्नातल्या फोटोच्या मागे कोण कोण आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवा. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, सिनेमाची गाण्यांची पुस्तिका, तबकडीचा मधला कागद, यांचा निदान फोटो काढून ठेवा. एखादी गोष्ट फार जुनी वाटली, तर जवळच्या मोठ्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात विचारून बघा. नाशिकच्या त्या घरातले फिल्मचे तुकडेही कधीतरी कुणाला अडगळच वाटले असतील.

आणि आता तुमचा या आठवड्याचा उद्योग. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापाशी जा. आजी, आजोबा, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. त्यांना विचारा, "तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हाचं तुमचं आवडतं गाणं कोणतं? सिनेमा कोणता? कुठे बघितला? कुणाबरोबर?" सांगतील ते वहीत लिहून घ्या, नावं नीट विचारून घ्या. आणि मग त्यांच्याच शेजारी बसून ते गाणं मोबाइलवर शोधा.

सापडलं, तर लावा आणि पडद्याकडे बघू नका. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा.

नाही सापडलं तरी हरकत नाही. नाव तर वहीत आलंय ना? आज ना उद्या कुणीतरी आपली ट्रंक उघडेल.

काय काय सापडलं, ते मला पत्राने जरूर कळवा. कुणी केलं, केव्हा केलं आणि कुणी जपलं, हे लिहायला विसरू नका हं!

भेटू पुढच्या आठवड्यात.